मसणवटीतली तूर

आमच्या घरातल्या तुळशीची एकही फांदी धड नाही. पान जरा मलूल दिसलं की मी अंगठ्याच्या नखानं तिची साल खरवडून आत बघतो. आत हिरवं असलं की मला बरं वाटतं आणि बायकोला राग येतो. "दुष्काळातून वाचेल ती, तुमच्या नखातून वाचायची नाही," असं ती दर उन्हाळ्यात म्हणते. तिचं बरोबर आहे. पण ही खोड मुळात माझी नव्हेच. ती तायड्यांची. त्यांना जाऊनही आता बरीच वर्षं झाली, खोड मात्र माझ्या नखात मुक्कामाला राहिली आहे.

तायडे हे अकोल्याच्या सरकारी फार्मवर फिल्डमन होते. सत्तावन्न सालच्या जूनमध्ये मी शेतकीची पदवी खिशात घालून तिथे सहायक म्हणून रुजू झालो. माझे वडील अमरावतीला वकील, आजोबाही वकील. आमच्या घराण्याची तुरीशी ओळख डब्यातल्या डाळीपुरती. पदवी होती, पण पेरलेल्या ओळीतून चालताना पाय नेमका कुठे ठेवायचा हे मला कॉलेजात कोणी शिकवलं नव्हतं. तायड्यांनी ते पहिल्याच दिवशी शिकवलं, आणि तेही न बोलता. ते पुढे चालत राहिले आणि मी त्यांच्या पावलावर पाऊल ठेवत गेलो.

उंच, काटक माणूस. अंगात पांढरा सदरा, डोक्याला पांढरा दुपट्टा गुंडाळलेला. शिक्षण चौथीपर्यंत. अक्षर असं की प्रत्येक अक्षर एकेका दाण्यासारखं वेगळं टोबून, बोटानं मातीत दाबून पेरल्यासारखं दिसायचं. उजव्या अंगठ्याचं नख वाढवलेलं आणि कायमचं काळं. आदल्याच वर्षी ते नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले होते. क्वार्टरच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर लागली होती आणि तिच्याखाली बियाण्याच्या पुरचुंड्या ओळीनं टांगलेल्या असायच्या. त्याविषयी ते फारसं बोलत नसत. बोलायचे ते झाडांविषयी.

फार्मच्या अगदी टोकाला, नाल्याच्या काठी, बाभळीच्या काट्यांचं कुंपण घातलेला एक तुकडा होता. पहिल्या दिवशी मी विचारलं, "हे काय आहे?"

"मसनवट," तायडे म्हणाले.

मला वाटलं, खरंच स्मशान असेल. पण ते तुरीचं होतं. तुरीला मर नावाचा रोग लागतो. तो मातीत असतो. हिरवंगार, शेंगेवर आलेलं झाड आठवड्याभरात उभ्या उभ्या वाळतं, आणि एकदा वावरात मर शिरली की पुढं कित्येक वर्षं तिथे तूर घेण्यात अर्थ राहत नाही. या तुकड्यात तायडे दर उन्हाळ्यात मेलेल्या तुरीची धसकटं गावोगावहून आणून गाडायचे. माती मुद्दाम रोगट करायची. मग त्यात जागोजागचं बी ओळीओळीनं पेरायचं आणि कोण मरतं, कोण जगतं ते बघायचं.

"चांगल्या वावरात कोनीबी जगते साहेब," ते म्हणाले. "इथं जगंन ते खरं."

बाहेर पडताना फाटकाशी घासलेटचा डबा पाण्यानं भरून ठेवलेला होता. तायड्यांनी मला थांबवलं. "पाय धुवा. आतली माती बाहेर न्याची नाई. मर पायानं चालते." मी चप्पल काढून पाय पुढे केले. ते डबा कलता करून पाणी ओतायला लागले, आणि चेहरा अगदी सरळ ठेवून म्हणाले, "घाबरू नका. बामनाचे पाय धुवून पुन्य घ्याचे दिवस गेले. मी फकस्त माती धुवून राहिलो."

हसावं की नाही ते मला कळेना. मग तेच आधी हसले. नंतर शेजारच्या मडक्यातून स्वतः पाणी प्यायले आणि लोटी भरून नुसती हातात धरून उभे राहिले. पुढे केली नाही, मागेही घेतली नाही. मला तहान लागली होती. मी लोटी घेतली आणि प्यायलो. शनिवारी अमरावतीला गेल्यावर घरी सगळं सांगितलं, हे एवढं सांगितलं नाही. आज लाज वाटते, तेव्हा वाटली नव्हती.

पाय धुण्याच्या बाबतीत त्यांच्याकडे कोणाची भीड नव्हती. नागपूरहून येणाऱ्या मोठ्या साहेबांचे बूटसुद्धा त्यांनी फाटकाशी उतरवून घेतले होते म्हणे.

मसणवटीत जे झाड तगेल त्यावर दुसऱ्या तुरीचा पराग पडू नये म्हणून ते झाकावं लागतं. मधमाश्यांना आमच्या प्रयोगाचं काय सोयरसुतक? मलमलीच्या पिशव्या वरून मागवल्या की मंजुरी येईपर्यंत फुलं गळून जायची. म्हणून तायड्यांनी घरातली मच्छरदाणी फाडून झाडांना घातली होती. एक संपली की दुसरी. त्यांची बायको शेवंताबाई मला एकदा चहा देताना म्हणाली, "साऱ्या फारमाले ठाऊक आहे साहेब, आमच्या घरी तुरीले पलंग हाये आनं मच्छरायले मोकळं रान." तायडे बशीत फुंकर मारत चहा पीत होते. त्यांनी मान डोलावली. जणू त्यांचं कौतुकच चाललं होतं.

पण या सगळ्याच्या मुळाशी होती त्यांची माय.

मूर्तिजापूरच्या अलीकडे त्यांचं गाव. तिथे दीड-दोन एकराचं काळं वावर. त्यात तायड्यांच्या लहानपणापासून मर. माय म्हातारी, डोळ्यांत मोतीबिंदू, पण महिन्या-दीड महिन्यानं लेकाकडे यायची आणि आल्या आल्या मसणवटीच्या फाटकाशी बसायची. ज्वारी स्वतःची आणि वरणाची डाळ मात्र दुकानातून आणायची, याचा तिला भारी राग. "काहून रे," ती तायड्यांना विचारायची, "तुमच्या फारमातली तूर अजून शिकूनच राहिली का? आमच्या वावरात कवा येते?"

आतापर्यंत या तुकड्यात तगलेल्या तुरी होत्या, नाही असं नाही. पण त्यांचा दाणा खड्यासारखा. डाळ शिजता शिजत नसे. असली तूर मायला दिली तर ती डाळ आपल्यालाच फेकून मारील, असं तायडे म्हणायचे. मी रुजू झालो त्या वर्षी म्हातारीनं पदराची गाठ सोडून मूठभर तांबूस बी लेकाच्या हातावर ठेवलं. तिच्या सासऱ्याच्या वेळची तूर. गोड दाण्याची.

"हे शेवटचं," ती म्हणाली. "घरी ठेवलं तं किडे खाते, वावरात टाकलं तं मर खाते. आता तूच पाहाय."

ते बी मसणवटीत पेरलं. माझ्या रजिस्टरात ती अठरा नंबरची ओळ होती. तायड्यांच्या तोंडी ती मायची ओळ.

पोळ्यापर्यंत ओळ छान वाढली. मग एकेक झाड माना टाकायला लागलं. दसऱ्यापर्यंत सगळी ओळ वाळली आणि एकच झाड उरलं. तायडे रोज सकाळी आधी त्याच्याकडे जायचे. काही करायचे नाहीत, नुसते उभे राहायचे. कोणी विचारलं तर म्हणायचे, "इचारपूस करून राहिलो."

आणि दिवाळीच्या तोंडावर त्या झाडानंही एका बाजूनं मान टाकली.

मला बडनेऱ्याची गाडी गाठायची होती. अमरावतीला आईनं फराळ करून ठेवला होता, आणि त्याच दिवशी नागपूरला अहवाल पाठवायचा होता. मी बांधावरूनच झाडाकडे पाहिलं, लाल पेन्सिलीनं रजिस्टरात 'मेले' असं लिहिलं, ओळ बंद केली, सही ठोकली आणि गाडी पकडली.

परत आलो तेव्हा तायड्यांनी मला हाताला धरून नाही, पण जवळजवळ तसंच, झाडापाशी नेलं. त्यांनी खाली वाकून बुंध्याची साल नखानं खरवडली. आत स्वच्छ हिरवं होतं. "पाहा साहेब. मर असती तं आत काळी रेघ असती. बाजूचं मेलेलं झाड खनताना कुदळ लागली याच्या मुळीले. हे मेलं नाई. रुसलं आहे."

मी डोळ्यांनी पाहिलं. चूक माझी होती आणि ती तिथल्या तिथे दुरुस्त करता आली असती. पण त्यासाठी वर लिहावं लागलं असतं की नवीन आलेल्या पदवीधरानं झाड न तपासता बांधावरून मारलं. मी म्हणालो, "बघू." सरकारी नोकरीत मी शिकलेला हा पहिला शब्द. दुसऱ्या दिवशी त्या झाडावर मच्छरदाणी चढलेली दिसली. घरातली शेवटची असावी. झाडाचा रुसवा निघाला, फुलं आली, शेंगा धरल्या. कागदावर मात्र ते मेलेलंच राहिलं.

डिसेंबरच्या अखेरीला तायड्यांनी चार दिवसांची रजा घेतली. मायच्या डोळ्यांचं ऑपरेशन अमरावतीच्या सरकारी दवाखान्यात व्हायचं होतं. जाताना मला एवढंच म्हणाले, "मायच्या झाडाकडे ध्यान ठेवा साहेब."

दुसऱ्याच दिवशी नागपूरहून मोठे साहेब आले. आता वऱ्हाडात थंडीच्या दिवसांत पाहुणा आला आणि त्याच्यापुढे मिठाच्या पाण्यात उकडलेल्या तुरीच्या शेंगा ठेवल्या नाहीत, तर यजमानाची मान खाली जाते. साहेब हसत हसत म्हणालेही, "काय हो, तुरीचं फार्म ना तुमचं? शेंगा कुठायत?" त्या वर्षी अळीनं कहर केला होता. फार्मवरच्या शेंगा उघडून बघाव्यात तर प्रत्येकीत पाहुणा आधीच बसलेला. अळी नसलेलं एकच झाड होतं, कारण ते जाळीत होतं.

मी स्वतःला पटवलं की ती ओळ बंद झालेली आहे. रजिस्टर तसं सांगत होतं, आणि रजिस्टर मीच लिहिलेलं होतं. तायड्यांचं ते आपलं एक खूळ. मी जाळी वर केली आणि शेंगा तोडल्या. दुसऱ्या कोणाला सांगितलंही नाही, स्वतःच्या हातानं तोडल्या. एकही ठेवली नाही. साहेबांनी त्या मिटक्या मारीत खाल्ल्या. खोटं कशाला सांगू, मीही खाल्ल्या. इतक्या गोड शेंगा मी त्याआधी खाल्ल्या नव्हत्या.

तायडे परतले ते थेट झाडाकडे गेले असावेत. मला ते दिसले साहेब उतरले होते त्या रेस्ट हाऊसच्या मागे, टरफलांच्या ढिगापाशी उकिडवे बसलेले. एक टरफल उचलून ते बोटांनी उलगडून बघत होते. मी जवळ गेलो. मला वाटलं, आता हा माणूस ओरडेल. ओरडला असता तर मी आयुष्यभर त्याचा ऋणी राहिलो असतो.

त्यांनी वर पाहिलं आणि विचारलं, "गोड होत्या का साहेब?"

"होत्या," मी म्हणालो.

"मंग दाना खरा आहे," ते म्हणाले. टरफल खाली ठेवून उठले आणि निघून गेले.

मायचे डोळे कसे आहेत, एवढं विचारायचंही मला सुचलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून काम संपल्यावर तायडे दोन डबे घेऊन विहिरीकडे जायला लागले. विहीर फार्मच्या दुसऱ्या टोकाला होती. काळ्या मातीला भेगा पडायला लागल्या होत्या. त्या भेगांतून झाडाच्या मुळाशी ते सावकाश पाणी सोडायचे. मसणवटीत कधी कोणी पाणी घातलं नव्हतं. गडीमाणसं हसायची. मेलेल्याच्या तोंडात पाणी घालून राहिले तायडे, म्हणायची.

पाचव्या दिवशी मी एक डबा उचलला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि दुसरा उचलला. आम्ही विहिरीपासून मसणवटीपर्यंत पाठोपाठ गेलो. पाणी घालून झाल्यावर ते म्हणाले, "तुरीचं मन मोठं असते साहेब. शेंगा खुडल्या तं ते परत फुलाची तयारी करते. फकस्त तिले कोनी इचारलं पाहिजे." माझ्या तळहातांना फोड आले होते. मला ते हवेच होते.

त्याच आठवड्यात मी नागपूरला पत्र लिहिलं. अठरा नंबरच्या ओळीतलं झाड जिवंत आहे, आधीची नोंद माझ्या हलगर्जीपणामुळे चुकीची झाली. उत्तरादाखल ठपका आला. तो मी तायड्यांना वाचून दाखवला. "चांगलं झालं," ते म्हणाले, "कागदावर बी जगलं."

होळीच्या सुमाराला एका सकाळी शेवंताबाई फाटकापाशी उभी राहून मला हाका मारायला लागली. "साहेब, या! तुमची बाई नटली!" जाळीच्या आत फांदीच्या टोकाला पिवळी फुलं आली होती, मागून लालसर रेघा असलेली. तायडे बाजूला उभे होते. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. वैशाखात ओंजळही भरणार नाही इतकं तांबूस बी हाती आलं. त्यांनी ते मायच्या लुगड्याच्या चिंधीत बांधलं आणि बुद्धाच्या तसबिरीखाली टांगलं.

पुढली सात-आठ वर्षं त्या बियांचीच. पुन्हा मसणवटीत पेरणं, निवडणं, झाकणं, पुन्हा पेरणं. माय येत राहिली. ऑपरेशननंतर जाड भिंगांचा चष्मा आला होता, त्यातून ती एकेक झाड न्याहाळायची आणि विचारायची, "मॅट्रिक झाली का हे?" तायडे म्हणायचे, "झाली माय, आता कालेजात आहे." चौसष्टच्या उन्हाळ्यात माय गेली. बी वाटायला मंजुरी आली ती त्याच्या पुढच्या वर्षी. सरकारनं तुरीला एक नंबर दिला. तिच्यावर इंग्रजीत लेख छापून आला, त्यात तीन नावं होती आणि त्यांतलं एक माझं होतं. तायड्यांचं नव्हतं. मी वर बोललो, पण बोलावं तेवढं बोललो नाही. लेख त्यांना दाखवला तेव्हा त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला. "नावाचं काय करता साहेब," ते म्हणाले, "पेरता येते का ते?" मला मात्र ते लागलं, अजून लागतं.

सहासष्टच्या डिसेंबरात माझी बदली झाली. निघायच्या आदल्या रविवारी तायडे म्हणाले, "आज गावाले चला."

एसटीतून आम्ही त्यांच्या वावराच्या बांधावरच उतरलो. मायचं वावर. माणूसभर उंच तूर, बांधापासून बांधापर्यंत उभी. मधे एकही वाळकं खोड नाही. मी बघतच राहिलो. शेवंताबाई आधीच आली होती. तिनं तीन दगडांच्या चुलीवर शेंगा उकडायला ठेवल्या होत्या. तिनं त्या पानावर काढून माझ्यापुढे ठेवल्या. वाफा निघत होत्या. माझा हात काही पुढे होईना. जाळी वर करणारा तो हात हाच.

तायड्यांना ते कळलं. ते माझ्यासमोर मांडी घालून बसले. "खा साहेब. त्या वक्ती तुमी खाल्ल्या, मी उपाशी राह्यलो. आता दोघं खाऊ."

तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं, की नऊ वर्षांत या तुरीची एक शेंग या माणसानं तोंडात घातली नव्हती. सगळी बियाण्याला ठेवली होती. डाळ शिजवून बघायची असली की ती आम्ही बघायचो, आणि ते आमचे चेहरे बघायचे.

त्यांनी एक शेंग उचलली. त्या काळ्या नखानं तिची कड उसवली, दाणे तोंडात टाकले आणि बराच वेळ चावत राहिले. नजर वावरावर होती. मग म्हणाले, "खरंच गोड आहे. तुमी खोटं नव्हते बोलले साहेब." आणि डोक्याचा दुपट्टा सोडून त्यांनी तोंड पुसलं, डोळेही पुसले. "मायले हे पाह्याचं होतं," असं काहीतरी ते पुढे म्हणाले. शेवंताबाई चुलीकडे वळली. मी शेंगा खाल्ल्या. पानावरच्या सगळ्या खाल्ल्या.

परतीची एसटी आली तेव्हा मी एकटाच चढलो. तायडे त्या दिवशी गावीच राहणार होते. नंतर त्यांची दोन-तीन पोस्टकार्डं आली, टोबून पेरलेल्या अक्षरांची, पण भेट कधी झाली नाही. जाऊ जाऊ म्हणत राहिलो. बघू म्हणत राहिलो, असंच म्हणायला हवं.

मी मागच्या खिडकीशी बसलो होतो. मला निरोप देऊन ते तुरीत शिरले होते आणि आता ते दिसत नव्हते, पिवळ्या-हिरव्या शेंड्यांवरून त्यांचा पांढरा दुपट्टा तेवढा सरकताना दिसत होता. तो एका जागी थांबला. तिथलं एखादं पान मलूल दिसलं असावं. दुपट्टा खाली गेला. म्हणजे ते वाकले, आता नखानं साल खरवडतील, आत हिरवं आहे की नाही ते बघतील आणि वर येतील, म्हणून मी मान वळवून बघत राहिलो. ते वर यायच्या आत गाडी वळली.